आल्या मुंग्या

"आल्या रे मुंग्या," एवढंच ती फोनवर म्हणाली, आणि पलीकडे मुलगा गप्प झाला. इतका गप्प की फोन कटला असं तिला वाटलं. मग तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "कुठं?" आता कुठं म्हणजे काय, हातातच तर होत्या. डाव्या तळहातावर काचेची टेस्ट ट्यूब आडवी धरून ती खिडकीशी उभी होती आणि नळीत, ओल्या कापसाच्या कडेला, फिक्या मधाच्या रंगाच्या तीन मुंग्या आपले पाय आपलेच आहेत का ते तपासून बघत होत्या. "ही काय, हातात. डाव्या." कधीपासून, त्याने विचारलं. सकाळपासून, ती म्हणाली, आणि हळूहळू वाढतायत. "बसून राहा. अजिबात हलू नकोस. निघालोच आम्ही." घाई नाही रे, असं ती म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता. तिला बरं वाटलं. पन्नाशी उलटलेला माणूस, कामाच्या दिवशी, हातातलं टाकून मुंग्या बघायला निघतो म्हणजे पोर अगदीच वाया गेलेलं नाही. सात आठवड्यांपूर्वी मुंग्यांची राणी सापडली तेव्हाही तिने त्याला फोन केला होता. तो गाडी चालवत होता आणि नुसतं हं, हं म्हणाला होता. तेव्हा तिला वाटलं होतं ऐकत नाहीये, पण ऐकत होता तर. तिने तीन कप काढून ठेवले. मग नळी हलक्या हाताने तिच्या जागी ठेवली. तिची जागा म्हणजे नवऱ्याच्या चष्म्याचं घर, काळं, आतून मखमलीचं, टक्कन मिटणारं. ते टक्कन मिटलं आणि त्याच क्षणी तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मुलगा मुंग्या बघायला येत नव्हता. मुलगा तिला न्यायला येत होता.

दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या डाव्या हाताला मुंग्या आल्या होत्या. त्याने चार दिवस कुणाला सांगितलं नाही. हात झटकायचा, कप उजव्या हाताने उचलायचा, विचारलं तर म्हणायचा, झोपेत अंगाखाली आला होता. पाचव्या दिवशी सकाळी तो दात घासायला गेला आणि बेसिनमध्ये ब्रश पडल्याचा आवाज आला. एवढासा आवाज. पुढचे अकरा दिवस तो पक्षाघाताने हॉस्पिटलात होता, पण तिच्या लेखी तो त्या आवाजाबरोबरच गेला. त्यानंतर वर्षभर मुलगा तिच्या मागे लागला होता. चल आमच्याकडे, मागची खोली रंगवून ठेवतो, तू म्हणशील तो रंग. हे घर काढून टाकू, तुझ्या एकटीसाठी तिसरा मजला कशाला. शेवटी ह्याच टेबलाशी बसून तिने तह केला होता. "ज्या दिवशी माझ्या हातापायाला मुंग्या येतील ना, त्या दिवशी मीच होऊन फोन करीन आणि मुकाट्याने बॅग भरीन. तोवर हा विषय नको." मुलाने सुनेच्या साक्षीने ते तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं होतं. शब्द? शब्द. आणि आज सकाळी तिने आपल्या तोंडाने, हसत हसत, तो शब्द उच्चारला होता.

तिने परत फोन लावला. मुलगा उचलेना. सुनेचा लागेना. चाळीस मिनिटांचा रस्ता. ती चष्म्याचं घर मांडीवर घेऊन खुर्चीत बसली. आता दोनच गोष्टी होत्या. डबी खणात सारायची आणि सांगायचं की आल्या होत्या, गेल्या. मग ते तिला तपासायला नेतील आणि तिथून परस्पर मागच्या खोलीत. किंवा खरं सांगायचं, की बाबांनो, मी मुंग्या पाळल्यात. म्हणजे एकीकडे हात गेला म्हणून नेणार, दुसरीकडे डोकं गेलं म्हणून. चौतीस वर्षं रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये तिने काचेच्या नळ्या हाताळल्या होत्या. सगळे तिला काचबाई म्हणत, कारण तिच्या हातून काच फुटलेली कुणी पाहिली नव्हती. काचबाईने एक शिस्त कधी मोडली नव्हती. स्लाइडवर दिसलं तेच लिहायचं. घरच्या माणसाची स्लाइड असली तरी.

राणी सापडली त्या संध्याकाळी हवा जड होती, झाडाचं पान हलत नव्हतं. ती गच्चीवर वाळत घातलेली चादर काढायला गेली होती. चादरीवर, कठड्यावर, पाण्याच्या टाकीवर, जिकडेतिकडे पंखवाल्या मुंग्या. खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई आपले कपडे झटकत होती, चपलेने मुंग्या चिरडत होती आणि म्हणत होती, "मेल्यांना मरायच्या वेळी पंख फुटतात." ते वाक्य ऐकलं आणि काचबाईचा हात चादरीवरच थांबला. शिंपीणबाईचा आवाज गोड होता, पण वाक्य तिला दुसऱ्याच आवाजात ऐकू आलं. पन्नास वर्षांपूर्वीची सकाळ, सातचा सुमार, ती नव्या पर्सचा पट्टा खांद्यावर घेऊन नोकरीच्या पहिल्या दिवशी उंबऱ्यात उभी, आणि मागून सासूबाई तिच्याशी नव्हे तर आपल्या मुलाशी बोलतायत: "मुंगीला पंख फुटले की पुढं काय होतं, ठाऊक आहे ना रे?" नवरा चपला शोधत होता. तो कायम अशा वेळी काहीतरी शोधत असायचा. त्या दिवसापासून किती वर्षं ती आपल्या मरणाची वाट पाहत लॅबला गेली, कुणास ठाऊक. घरात दूध नासलं की तिला वाटायचं, झालं सुरू. मुलाला ताप आला की वाटायचं, हे बघ, पंख. आणि त्या संध्याकाळी गच्चीवर, चादरीच्या शिवणीवर, एक जाडजूड काळी मुंगी पंख फुटूनही मेलेली नव्हती. ती एक विचित्र गोष्ट करत होती. मागचा पाय पंखाच्या मुळाशी घालून ती तो दाबत होती, पुढं ढकलत होती, पुन्हा दाबत होती. एक पंख सुटला. वाळलेल्या कांद्याच्या सालासारखा चादरीवर पडला. ती थोडी थांबली, तोंड पुसलं, आणि दुसऱ्याला लागली.

काचबाई तिथंच गच्चीच्या कोब्यावर बसली. शिंपीणबाई म्हणाली, अहो, चक्कर आली का? नाही, ती म्हणाली, मी बघतेय. चारही पंख पडल्यावर ती मुंगी चादरीवरून असं चालायला लागली की जणू तिला एक पत्ता सापडलाय आणि तो अंधारात आहे. काचबाईने डोळ्यांवरचा चष्मा काढला, हातातली कपड्यांच्या चिमट्यांची डबी उपडी करून रिकामी केली आणि त्या मुंगीला आत घेतलं.

पुढचं तिने डोक्याने केलं आणि थोडं पुस्तकाने. वाचनालयातल्या बाईंकडून कीटकांवरचं एक जुनं पुस्तक आणलं होतं. त्यात सगळं होतं: टेस्ट ट्यूबमध्ये तिसरा हिस्सा पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, म्हणजे पाणी सांडायचं नाही पण कापूस ओला राहायचा. मग राणी. मग तोंडाशी दुसरा बोळा. अंधार. आणि बस्स. खायला घालायचं नाही. काही म्हणजे काही घालायचं नाही. पहिल्या मुंग्या बाहेर पडेपर्यंत राणी कशाला तोंड लावत नाही. ती आपल्या अंगातल्या पंखांच्या स्नायूंवर जगते, आता पंखच नाहीत तर ते कशाला हवेत. उडण्यासाठी जे होतं, ते ती आतल्या आत विरघळवते आणि पोरींना भरवते. हे वाक्य वाचल्यावर तिने पुस्तक मिटलं होतं आणि बराच वेळ खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाइपांकडे बघत बसली होती. नळ्या घरात होत्याच. लॅबमध्ये प्लॅस्टिक आलं तेव्हा टाकून द्यायला काढलेल्या काचेच्या बारा नळ्या तिने मागून घेतल्या होत्या. अंधारासाठी काय, याचा विचार करत ती घरभर हिंडली. नवऱ्याचं कपाट उघडलं. चष्म्याचं घर रिकामं होतं, कारण चष्मा त्याच्या डोळ्यांवरच गेला. घर मागं राहिलं. नळी त्यात इतकी बेमालूम बसली की ती मोठ्याने म्हणाली, "बघा, कुणाच्या उपयोगाला आलात."

मुलगा चार वर्षांचा होता तेव्हा एक पत्र आलं होतं. लॅबच्या साहेबांनी तिचं नाव दुसऱ्या शहरात सहा महिन्यांच्या शिक्षणासाठी पाठवलं होतं. रक्तातल्या आजारी पेशी ओळखण्याचं शिक्षण. पेशी ओळखायला तिला आवडायच्या. माणसं ओळखण्यात ती चुकायची, पेशींत नाही. नवऱ्याने पत्र वाचलं आणि टेबलावरच्या फुलदाणीखाली ठेवलं. आठ दिवस ते तिथं होतं. कुणी नको म्हणालं नाही, कुणी जा म्हणालं नाही. सासूबाई भांडी घासता घासता भांड्यांना ती मुंगीची म्हण ऐकवत होत्या. नवऱ्याला त्या आठ दिवसांत घरातली प्रत्येक वस्तू सापडेनाशी झाली होती. नवव्या दिवशी तिनेच फुलदाणी उचलली, पत्र घेतलं आणि लॅबमध्ये जाऊन नकार लिहून दिला. पुढं जन्मभर सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, हिने मुलासाठी केवढा त्याग केला. त्याग हा शब्द ऐकला की तिच्या दातांखाली खडा यायचा. काढले कुणी पंख? त्यांनी? का मी? हा प्रश्न तिने स्वतःला बेसिनसमोर, बसच्या रांगेत, मायक्रोस्कोपवर डोळा टेकवून हजारदा विचारला होता आणि दर वेळी उत्तर वेगळं आलं होतं. पण त्या मुंगीचा पाय तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. त्या दाबण्यात दुःख नव्हतं. त्यात हिशेबी जोर होता, हट्टी झाकण उघडताना असतो तसा. गळून पडणं वेगळं आणि काढून ठेवणं वेगळं. आणि ते शिक्षण तिने घेतलं नाही म्हणून वाया थोडंच गेलं? सहा महिन्यांची ती भूक तिने चौतीस वर्षं पुरवून पुरवून खाल्ली होती. साहेबांची पुस्तकं दुपारच्या सुट्टीत वाचली होती, नकोशा झालेल्या स्लाइड घरी आणून ह्याच खिडकीत उजेडासमोर धरल्या होत्या.

यंत्र आलं ते वर्ष तिला आठवलं. मोजणारं यंत्र. नळी लावा, आकडे घ्या. साहेब म्हणाले, काचबाई, आता तुमचे डोळे सुटले. त्या आठवड्यातच एका बाईचा कागद यंत्रातून आला: रक्त गोठवणाऱ्या पेशी धोक्याच्या खाली. तिला ताबडतोब भरती करायची तयारी सुरू झाली. काचबाईला काय वाटलं कोण जाणे, तिने त्याच रक्ताची स्लाइड केली आणि जुना हातातला काउंटर घेऊन बसली, टिक, टिक, टिक. पेशी कमी नव्हत्याच. त्या एकमेकींना बिलगून घोळक्याने बसल्या होत्या आणि यंत्राने घोळक्याला एक धरलं होतं. ती साहेबांकडे गेली आणि म्हणाली, "साहेब, ह्या कमी नाहीत. ह्या एकत्र बसल्यात. यंत्राला बायकांचा घोळका कळत नाही." साहेब आधी चिडले, मग मायक्रोस्कोपला डोळा लावला, मग हसले. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी तिला तोच काउंटर भेट दिला. तो आता टेबलावर, रजिस्टरशेजारी होता. रजिस्टरही लॅबच्याच पद्धतीचं, उभ्या रेघा मारलेलं. दिवस ३: अंडी चार. दिवस ७: अंडी नऊ. दिवस १७: अळ्या, अंदाजे सहा. राणी त्यांना चाटत असते. दिवस ३०: कोष दोन. आठवड्यातून एकदाच डबी उघडायची, कारण उजेडाने आणि हादऱ्याने राणी बिथरते, बिथरली तर आपलीच अंडी खाते. मधले सहा दिवस काचबाई डबीकडे नुसती बघत बसायची. नवरा गेल्यापासून वाट बघण्यासारखं घरात काही उरलं नव्हतं. आता होतं.

सासूबाईंचं एक सांगायला हवं, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. शेवटच्या वर्षी त्यांना रक्त तपासायला लॅबमध्ये आणलं होतं. त्या हटून बसल्या, तू दिवसभर कशात डोळे घालून बसतेस ते मला दाखव. तिने त्यांच्याच रक्ताची स्लाइड लावून दिली. सासूबाईंनी एक डोळा मिटला, दुसरा भिंगाला लावला आणि खूप वेळ काढला नाही. मग म्हणाल्या, "एवढ्या सगळ्या माझ्याच?" तुमच्याच. "आणि सगळ्या कामाला लागलेल्या." हो. त्यानंतर त्यांनी ती म्हण कधी उच्चारली नाही. पण मागंही घेतली नाही. म्हणी मागं घेता येत नाहीत, हीच तर त्यांची खोड.

बेल वाजली. चाळीस नाही, बत्तीस मिनिटांत. तिने दार उघडलं आणि तिला आधी मुलगा दिसला नाही, बॅग दिसली. मोठी, निळी, चाकांची. सुनेच्या हातात इतकी हलकी लोंबत होती की रिकामी आहे हे उघड होतं. तिच्या मनात काहीतरी गपकन मिटलं, डबीसारखं. डॉक्टरच्या आधी बॅग. मुलाचा चेहरा मात्र पांढराफटक होता. त्याने तिला धरून खुर्चीत बसवलं, गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, दोन्ही हात वर कर. तिने केले. हस. ती हसली. "नीट हस आई, दात दाखवून." एक वाक्य म्हण, त्याने सांगितलं, सलग. त्याच्या कपाळावर घाम होता आणि त्याने तिचं डावं मनगट सोडलं नव्हतं. तिला एकदम कळलं की त्यालाही बेसिनमध्ये पडलेला तो ब्रश रोज ऐकू येतो. म्हणून तिने वाक्य सावकाश, स्पष्ट म्हटलं. "माझा हात ठणठणीत आहे. मुंग्या चष्म्याच्या घरात आहेत."

हे वाक्य निवडायला नको होतं. मुलाने सुनेकडे पाहिलं आणि सुनेने बॅगकडे.

मग तिने डबी उघडून दाखवली. मुलगा आधी वाकला, मग सरळ झाला, मग उभा राहून खोलीत दोन चकरा मारून आला. खऱ्या मुंग्या, तो म्हणाला. म्हणजे खऱ्याखुऱ्या. पाळल्यास. त्याने तिला वाटेतलं सांगितलं, दोन सिग्नल तोडले, एका म्हाताऱ्याला धडकता धडकता राहिलो, हिला ऑफिसमधून उचलली, बॅग डिकीत होतीच. ती म्हणाली, तू कुठं मला बोलू दिलंस. मग त्याची भीती उतरली आणि भीती उतरल्यावर माणसाला येतो तसा राग त्याला चढला. एकटं राहून राहून हे असं होतं. आज मुंग्या, उद्या काय? लोक घरातल्या मुंग्या मारायला औषध आणतात आणि ही बाबांच्या चष्म्याच्या डबीत त्यांना वाढवते. "ह्या वयात पंख फुटलेत तुला," तो म्हणाला. आजीचाच नातू. मग त्याने डबी उचलली, हे मी खाली बागेत सोडून येतो, म्हणाला.

"ठेव ते."

ती ओरडली नाही. लॅबमध्ये नवी मुलं घाईघाईने नळ्यांचं स्टँड उचलायची तेव्हा ती ह्याच आवाजात बोलायची, आणि त्या आवाजापुढं साहेबही थांबायचे. मुलाने डबी ठेवली. ठेवताना अलगद ठेवली, हे तिने मनात नोंदवलं.

सून खुर्ची ओढून टेबलाशी बसली. तिने टेबलावरचं भिंग उचललं. ही मोठी कोण? राणी. आणि ह्या? मुली. आज सकाळी झाल्या, अजून रंग चढायचाय. मग काचबाईने सुनेला सगळं सांगितलं, चादर, पंख, पाण्याचा कापूस, उपाशी सात आठवडे. सून म्हणाली, "म्हणजे उडायचं सामान खाऊन राहिली?" उडायचं सामान खाऊन राहिली. सुनेने भिंगावरून डोळा काढला नाही. तिलाही कधीतरी एखादं पत्र आलं असेल, कोण जाणे. काचबाईने हे तिला कधी विचारलं नव्हतं.

"आणि मुलगे?" सुनेने विचारलं.

"मुलगे नंतर. काही वर्षांनी. त्यांना पंख फुटतात, ते एकदा उडतात आणि संध्याकाळपर्यंत मरतात."

सून फसकन हसली. पलीकडे मुलगा खिडकीशी पाठ करून उभा होता. काचबाईला मात्र हसू आलं नाही, कारण बोलता बोलता तिच्या हाती काहीतरी लागलं होतं. मरतात ते मुलगे. म्हण करणाऱ्याने गच्चीवर मेलेले पंखवाले पाहिले आणि झाडू मारून टाकला. जी जगली ती पंख काढून अंधारात शिरली, तिच्या मागं कोण जाणार. पन्नास वर्षं तिला जी म्हण लावली, ती तिची नव्हतीच. यंत्राची मोजणी होती ती. घोळका न कळलेली.

मुलगा वळला. त्याचा राग गेला होता आणि त्यामुळे तो जास्त अवघड झाला होता. तो तिच्यासमोर बसला. "आई, आज खोटं निघालं. चांगलं झालं. पण बाबांनी चार दिवस सांगितलं नव्हतं. तू सांगशील कशावरून?"

हा खरा प्रश्न होता, आणि तो बॅगेपेक्षा जड होता. नवरा का बोलला नाही, हे तिला माहीत होतं. बोललो तर हे घर सुटेल, म्हणून. घराला चिकटून राहण्यासाठी तो गप्प राहिला आणि त्याचं घरही सुटलं, तोही गेला. तिलाही तोच मोह चाळीस मिनिटं झाला होता, नाही, बत्तीस. डबी खणात सारण्याचा.

"तुझ्या बाबांनी चार दिवस लपवलं," ती म्हणाली. "मी चार तास नाही लपवलं. सकाळी दिसल्या, सकाळी सांगितलं. कुठं तेही सांगितलं. जे येईल ते असंच सांगीन. हे रजिस्टर बघ."

त्याने रजिस्टर ओढलं. पानं उलटली. दिवस ३, दिवस ७, दिवस १७. तिच्या अक्षरात कुठं कंप नव्हता. ह्याच अक्षरात त्याची शाळेची प्रगती, त्याच्या गोवराचे दिवस, त्याच्या बाबांचे हॉस्पिटलातले अकरा दिवस लिहिलेले होते. तो बराच वेळ वाचत राहिला, लागतं त्यापेक्षा जास्त वेळ. मग थकून, अर्धवट हसत म्हणाला, "पण शब्द दिला होतास. मुंग्या आल्या की येईन. आल्या ना?"

"हाताला आल्या तर, असा शब्द होता. ह्यांना हलवायचं नसतं. राणी बिथरली तर पोरी खाते ती."

"म्हणजे कधीपर्यंत हलवायचं नाही?"

"पुस्तकात लिहिलंय, राणी पंधरा-वीस वर्षं जगते."

सून पुन्हा फसकन हसली. मुलाने तोंडात आलेलं गिळलं. आई शहात्तर वर्षांची होती, त्याला गणित येत होतं. "बरं," काचबाई म्हणाली, "मग वीस वर्षांनी विचार."

चहा झाला. ते उठले तेव्हा सुनेने बॅगेचा दांडा धरला आणि ती थोडी ओशाळली, हे काचबाईने बघितलं. थांब, ती म्हणाली. आणलीस तशी रिकामी न्यायची नाही. तिने आतलं कपाट उघडलं. मधली फळी पंचवीस वर्षं मुलाची होती. कॉलेजची जाड पुस्तकं, चाकांचे बूट, खोखोचा मोडका कप, क्रिकेटचे ग्लोव्हज, तारेने बांधलेला परीक्षांच्या निकालांचा गठ्ठा. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, असू दे, पुढच्या वेळी नेतो. तिने एकेक वस्तू काढून सुनेच्या हातात दिली आणि सुनेने एकेक बॅगेत रचली. मुलगा, अगं हे कशाला, अगं हे राहू दे, म्हणत राहिला. शेवटी बॅग इतकी भरली की त्याला गुडघा टेकवून चेन लावावी लागली. त्या फळीवर आता काय ठेवणार, त्याने विचारलं. मुंग्यांचं मोठं घर, ती म्हणाली. काचेची पेटी. ह्या वाढणारेत. दारात तो वळला, काहीतरी बोलणार होता, पण नुसता तिच्या डाव्या हाताचा पंजा आपल्या मुठीत घेऊन एकदा घट्ट दाबला. तिनेही दाबला. त्याला दुखेल इतका. जिन्यावर बॅगेची चाकं तीन मजले धडधडत गेली.

मग ती खिडकीशी बसली. बोटाएवढ्या कागदावर साखरपाण्याचा एक थेंब ठेवून चिमट्याने नळीत सरकवला आणि पुन्हा कापूस लावला. पुस्तक म्हणत होतं, आता यांना खायला हवं. तीनपैकी एक थेंबाशी गेली, थांबली, मिशा फिरवल्या, प्यायली, पोट टम्म झालं, आणि परत जाऊन राणीच्या तोंडाला तोंड लावलं. एकोणपन्नास दिवसांनी राणीच्या पोटात बाहेरचं अन्न गेलं. तेही पोरीने आणलेलं. काचबाई वाकून बघत राहिली. चौथा कोष एका बाजूने उसवत होता आणि राणी त्याला आतून नाही, बाहेरून मदत करत होती, जेवढी हवी तेवढीच. उन्हाची तिरीप टेबलाच्या कडेवरून भिंतीवर गेली तरी ती हलली नाही. आणि मग तिला जाणवलं की डावा पाय तिथं नाहीये.

गुडघ्यापासून खाली काही नव्हतं. मग घोट्यात एक ठिणगी, मग शंभर. मुंग्या. तिच्या कानात बेसिनमध्ये ब्रश पडला. क्षणभर तिने चष्म्याच्या घराकडे पाहिलं. पायावर पाय टाकून अर्धा तास बसलीस गं बाई, तिने स्वतःला सांगितलं, पण काचबाईने हे पुरावा म्हणून धरलं नाही. ती टेबलाला धरून उभी राहिली, दोन्ही हात वर केले, खिडकीच्या काचेत बघून दात दाखवून हसली. मग डावा पाय जमिनीवर आपटला. काउंटर हातात घेतला आणि प्रत्येक आपटण्याला एक टिक दिली. खाली शिंपीणबाईच्या छतावर आवाज जात असेल, जाऊ दे. तीस. पन्नास. सत्तर. पाय आधी लाकूड होता, मग नुसता जड, मग गरम, मग दुखरा, मग तिचा. नव्वदला ती थांबली. टाच, बोटं, सगळं जाग्यावर.

तिने रजिस्टर ओढलं आणि लिहिलं, दिवस ४९: मुंग्या चार. त्याखाली रेघ मारून, त्याच अक्षरात, डावा पाय, मुंग्या, नव्वदपर्यंत. मग फोन उचलून मुलाला लावला. तो अजून रस्त्यातच होता, सुनेने घेतला. काचबाईने जे झालं ते सगळं सांगितलं, किती वेळ बसले तेही, कितीला थांबले तेही. पलीकडे मुलगा काय, काय, असं विचारताना ऐकू आलं.

"त्याला सांग," काचबाई म्हणाली, "त्या गेल्या. ह्या राहिल्या."